चौथाई

काकोड्याला, प्रकल्पाच्या वरच्या मजल्यावर,
तेरा जण आम्ही. पाच दिवसांचं ट्रेनिंग.
गळ्यात कार्ड : फटी वेळीप, रिवण.
‘पूर्वानुभव’ या रकान्यात मी रेघ ओढली होती.
खाण बंद पडून इतकी वर्षं झाली,
लिहिलं असतं तर कुणी विचारलं असतं,
हा अनुभव की आजार?

पहिल्या दिवशी कार्दोज बाईंनी
टेबलावर बादलीभर पाणी ठेवलं
आणि प्लास्टिकचे तुकडे सोडले त्यात.
बाटलीचा बुडाला.
तिच्याच बुचाचा तरंगला.
“आयुष्यभर एकमेकांना घट्ट धरून होते,” बाई म्हणाल्या,
“पण जात वेगळी.”
मागच्या बाकावर हशा झाला.
पालिकेत झाडू मारणाऱ्या तिघी
हसल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी ढिगात सळई खुपसली,
बासष्ट अंश.
कुणी पेटवलेलं नाही, तरी आतून तापलेलं.
खालून काळं पाणी झिरपत होतं,
त्याचं इंग्रजी नाव सगळ्यांनी वहीत लिहिलं.
मी नाही लिहिलं.
ढिगाखालून उतरणारं पाणी मला ठाऊक होतं,
आमच्या कुळागरात ते लाल होतं.

तिसऱ्या दिवशी ट्रक रिता झाला.
चवथीनंतरचा आठवडा :
माटोळीची सुकलेली कांगलां, शिपटी,
मखराचा थर्मोकोल, फटाक्यांचे कागद,
बियरच्या बाटल्या, नारळाच्या करवंट्या,
आणि वास, जो फळ्यावर काढता येत नाही.
बाई म्हणाल्या, “दहा टन आहे. सगळं तर मोजणार नाही.
मग कसं कळायचं, आत काय आहे?”
आणि त्यांनी खडूने एक वर्तुळ काढलं,
त्याचे चार भाग केले.

माझे हात उठले. मी नाही उठवले.
फावडं घेतलं, शंकू केला,
माथा दाबून भाकरीसारखा पसरला,
मधोमध फुली मारली,
समोरासमोरचे दोन भाग ठेवले, दोन फेकले,
पुन्हा कालवलं, पुन्हा शंकू, पुन्हा फुली.
अठरा वर्षं हेच केलं होतं,
मातीत लोखंड किती, ते सांगायला.
अठ्ठावन्न टक्के म्हणजे बोटीत.
पन्नास म्हणजे डोंगराच्या पाठीवर, रिजेक्शन.
बोट कुठे जायची, ते कधी कळलं नाही.

“कुठे शिकलात?” बाईंनी विचारलं.
मी कार्डाकडे बघितलं, त्या रेघेकडे.

उरलेल्या चौथाईत अकरा पिशव्या निघाल्या.
सातवीची गाठ मी ओळखली.
दोन वेढे, आणि एक टोक आत खोचलेलं,
लाकडाची मोळी बांधतात तशी.
शेवंती तशीच बांधते.
आत बांगड्याचे काटे, शितं, बीपीच्या गोळ्यांची पट्टी,
पोराचं संपलेलं पेन,
सगळं एकमेकांना चिकटलेलं.
झाडूवाल्यांपैकी एकीने, प्रेमावती तिचं नाव,
हातमोज्याने शितं निपटली, पट्टी वेगळी काढली,
इतक्या सवयीने, की मला
तिच्याकडे बघवेना.
“काय लिहू?” तिने विचारलं.
“घरगुती,” मी म्हणालो. “मिश्र.”
सातशे चाळीस ग्रॅम.

शेवटच्या दिवशी सर्टिफिकेटं दिली.
कागद, आणि दोन्ही बाजूंनी प्लास्टिक, कायमचं चिकटवलेलं.
कुठल्या बादलीत जाईल हे?
तेरा जणांनी बाईंकडे पाहिलं.
बाईच आधी हसल्या,
आणि या खेपेला त्या तिघीही.

घरी आलो तेव्हा शेवंती पिशवी बांधत होती.
म्हटलं, दोन पिशव्या कर. आणि सैल बांध,
पलीकडे कुणीतरी ती हाताने सोडतं.
तिने दोन वेढे दिले, टोक आत खोचलं.
“सैल बांधली,” म्हणाली,
“तर पहाटे कुत्री ओढतात. मग रस्ता कोण झाडतं?”

हे ट्रेनिंगमध्ये नव्हतं.
मी तिच्या शेजारी बसलो
आणि ती गाठ
सोडू लागलो.